हिरव्या शाईतला रविवार

आमच्या घरात पत्रक साठवणं हा गुन्हा होता. बाबांचं म्हणणं असं की घरात राहिलेलं पत्रक म्हणजे रद्दी. पत्रक हातात पडलं की वाचायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तसं छापलेलंही असायचं: ‘वाचा आणि पुढच्याला द्या.’ बाबा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि कामाच्या तासांबाहेर पत्रकं लिहीत. पाण्यासाठी, बोनससाठी, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, बंद पडलेल्या दवाखान्यासाठी. मला अक्षरओळख त्यांच्या पत्रकांवरच झाली. पहिलीत बाईंनी ‘नि’वरून शब्द विचारले तेव्हा बाकीच्या मुलांनी निळा, निवडुंग वगैरे सांगितलं. मी निषेध सांगितलं. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. बाबांनी ती वाचली आणि सवयीने शेजाऱ्यांना दिली.

म्हणूनच बाबांनी आजवर लिहिलेल्या पत्रकांपैकी एकही आमच्या घरात नाही. त्यातलं एक मात्र सुखरूप आहे आणि गंगापूर रोडच्या एका कॅफेत सोफ्याच्या वर काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं.

कळलं ते कॉलेजच्या एका मैत्रिणीमुळे. ती पुण्याला नोकरी करते. दोन दिवसांसाठी आली होती, नाशिक किती बदललं ते बघायला त्या कॅफेत गेली आणि परतीच्या बसमधून तिने मला स्वतःचा फोटो पाठवला. फोटोत ती होती, तिचा कप होता, कॉफीवर दुधाने काढलेलं पान होतं आणि मागच्या भिंतीवर एक गुलाबी कागद होता. खाली तिने लिहिलं होतं, ‘एकदम तुझ्या टाइपची जागा.’ मी फोटो मोठा केला. कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: ‘चहाची दहा मिनिटे परत द्या.’

आई मेथी निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

“हे चहाचं,” ती म्हणाली. “तू पोटात होतीस तेव्हाचं. वार लिहिलाय तिथं शाई कोणती हाय बघ. निळी का हिरवी?”

मी फोटो आणखी मोठा केला. सभेचा वार होता नेमक्या त्याच ओळीवर कॅफेतल्या बल्बचा पिवळा गोळा काचेत उमटला होता. गोळ्याच्या कडेला एक हिरवी रेघ तेवढी दिसत होती.

“हिरवी.”

“मग शेवटच्यातलं हाय,” आई म्हणाली, आणि तिने काडी पाल्यात टाकली आणि पाला काड्यांत.

त्या पत्रकाची अर्धी गोष्ट मला पाठ होती. बाबांच्या कारखान्याने दुपारच्या चहाची दहा मिनिटांची सुट्टी बंद केली होती. बघता बघता आजूबाजूच्या कारखान्यांनीही केली. बाबांनी पत्रक लिहिलं आणि सगळ्या कारखान्यांच्या कामगारांची एकत्र सभा बोलावली. रविवारी, सकाळी दहाला. प्रेसवाल्याने अक्षरांची जुळणी करताना आधीच्या कुठल्या तरी पत्रकाचा ‘शनिवार’ तसाच राहू दिला. पाचशे पत्रकं छापून आली ती शनिवारची. पुन्हा छापणं परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा ठरलं की पाचशेच्या पाचशे पत्रकांवर हाताने शनिवार खोडायचा आणि रविवार लिहायचा. बाबांची दुसरी पाळी होती. घरात मोकळे हात आईचेच होते.

आईला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं माहेर घोटीकडचं, भातशेतीचं, आणि तिथे मुलींना शाळेपेक्षा आवणीचं, म्हणजे भाताची रोपं लावायचं, काम आधी यावं लागे. बाबांनी पाटीवर ‘रविवार’ लिहून दिला, तिच्याकडून गिरवून घेतला, पहिली दहा पत्रकं तपासली, “झकास” म्हणाले आणि पाळीला गेले. उरलेली चारशे नव्वद आईने दोन दिवसांत खिडकीशी बसून पुरी केली. मग तीच पत्रकं ती पोट सांभाळत कारखान्यांच्या गेटवर वाटत उभी राहिली. कोणी काही विचारलं तर काय म्हणायचं ते बाबांनी तिला शिकवून ठेवलं होतं: “त्यात सगळं लिहिलंय. वाचा आणि पुढच्याला द्या.”

रविवारी चाळीस माणसं आली. चाळीस माणसांना मालक भेटत नाहीत. चहाची सुट्टी परत आली नाही. पुढे चहाच यंत्रापाशी येऊ लागला, एका हाताने प्यायचा. कामगारांची जाणीव अजून पिकलेली नाही, हा बाबांचा निष्कर्ष. त्यांनी त्या अपयशाची मीमांसा करणारं दुसरं पत्रक लिहिलं. ते चार पानी होतं. आजही आमच्याकडे कोणी वेळेवर आलं नाही, लग्नाला किंवा सिलिंडर घेऊन, तरी बाबा जाणिवेवर येतात.

उरलेली अर्धी गोष्ट आईने मला त्या दिवशी मेथी निवडता निवडता सांगितली.

“पाटी पुसली गेली,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी. ओला हात लागला. मग मी आधीच्या कागदावर बघून पुढचा काढायची. त्याच्यावर बघून त्याच्या पुढचा. रांगोळीचं कसं असतं? एकीची बघून दुसरी काढती, दुसरीची बघून तिसरी. चौथ्या दारात कमळाचं वांगं झालेलं असतं.”

“मग?”

“निळी रिफिल संपली. हिरवी घातली. तोवर मला वाटाया लागलं की हे पहिल्यासारखं दिसत नाय. पण विचारू कुणाला? आणि रविवारी आली कोण, तर आपल्याच कॉलनीतली चाळीस. बाहेरचं एक माणूस नाय. मी म्हणलं झालं, माझ्या हातानं वार बुडाला.”

“बाबांना सांगितलंस हे?”

“त्यांनी विचारलं नाय.”

आई पुढे माझ्याबरोबर वाचायला शिकली. माझी पहिलीची पुस्तकं माझ्याआधी तिची पाठ झाली. आता ती रोज पेपर वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचते, बचत गटाचे कागद वाचून त्यातल्या चुका काढते. पण लिहीत नाही. सही करते, तेवढंच. किराण्याची यादीसुद्धा ती सांगणार आणि मी लिहिणार. बचत गटाने तिला दोनदा सचिव केलं, दोनदा तिने नाकारलं. मी याला इतकी वर्षं तिचा हुकूम सोडण्याचा स्वभाव समजत होते. माझ्या एका लेखात मी त्याचा उल्लेख ‘श्रमिक स्त्रीचे उपजत नेतृत्व’ असा केलेला आहे.

“मी उद्या जाऊन बघून येते,” मी म्हणाले.

“तू चांगलंच सांगशील.”

“नीट फोटो काढून आणते.”

“फोटोत ते बारकं दिसतं. मी लिहिलेलं मी कधी वाचलेलं नाय. मला वाचायचंय.”

बाबांना आम्ही फक्त पत्रक सापडल्याचं सांगितलं. त्यांनी मैत्रिणीचा फोटो बघितला. “याने हे वाचलेलं नाही,” ते कॅफेच्या मालकाबद्दल म्हणाले. “वाचलं असतं तर पुढे दिलं असतं.” आणि असल्या ठिकाणी आपण पाऊल ठेवणार नाही, हे त्यांनी कोणीही बोलावलं नसताना जाहीर केलं. मला मात्र त्यांनी निवेदन घेऊन जायला सांगितलं. निवेदनाच्या दोन प्रती करायच्या, एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजतात. हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून ठाऊक आहे.

निवेदन मी एका बैठकीत लिहिलं. कष्टकऱ्यांच्या लढ्याचं शोभेच्या वस्तूत रूपांतर केल्याबद्दल तीव्र निषेध. मागणी एक, सदर पत्रक भिंतीवरून तात्काळ उतरवावे. मागणी दोन, जाहीर दिलगिरी. मागणी तीन, कॅफेतल्या कामगारांना चहासाठी दहा मिनिटांची सुट्टी. अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. मला ते आवडलं होतं. अजूनही त्यातली दोन वाक्यं मला आवडतात.

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. आईने लग्नाकार्याची साडी नेसली होती. चष्मा पर्समध्ये आहे का हे तिने सातपूर सोडेपर्यंत तीनदा बघितलं.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला जुन्या बंगल्यांची ती गल्ली आहे. माझ्या शाळेच्या दिवसांत तिथे निवृत्त इंजिनिअर आणि त्यांची कुत्री राहत. मी तिथे वर्गणी मागायला जात असे, त्यामुळे कुत्री मला चांगली आठवतात. आता एका बंगल्यात मातीची भांडी करायला शिकवतात, दुसऱ्यात गोंदतात, तिसऱ्यात जुने कपडे नव्या कपड्यांपेक्षा महाग मिळतात. एका कंपाउंडच्या भिंतीवर दोन पुरुष उंचीचा एक डोळा रंगवलेला आहे आणि त्याच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढून घेतात. एका फाटकावर सायकल टांगलेली होती.

“सायकल वर का बांधली?” आईने विचारलं.

“शोभेसाठी.”

“पंक्चर असंल.”

गोंदणाऱ्याच्या दुकानापुढे ती थांबली. काचेतून एक मुलगा दंडावर काहीतरी काढून घेताना दिसत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा पश्चात्ताप दिसत होता. “माझ्या आईच्या हातावर होतं,” आई म्हणाली. “जत्रेत बसायची बाई. रडलं की चापट मारायची.” मातीच्या भांड्यांच्या स्टुडिओत सात-आठ माणसं ॲप्रन घालून चिखल मळत होती. त्याचे पैसे त्यांना मिळतात की द्यावे लागतात, असं तिने विचारलं. द्यावे लागतात म्हटल्यावर तिने त्यांच्याकडे पुन्हा एकदा, जरा काळजीने बघितलं.

कॅफे गल्लीच्या टोकाला होता. बंगल्याच्या भिंतींचं प्लास्टर खरवडून विटा उघड्या केल्या होत्या. आमच्या कॉलनीत तशा भिंती आहेत, फक्त आम्ही प्लास्टर करायचंच बाकी ठेवलेलं आहे. छतापासून वायरी लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकाला नुसते बल्ब. अंगणात दोन बाजा टाकल्या होत्या आणि लोक त्यांच्यावर मांडी घालून लॅपटॉप चालवत होते.

पत्रक मला दारातूनच दिसलं. आतल्या खोलीत, हिरव्या सोफ्याच्या वर. खाली एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती, खांद्याला खांदा लावून, आपापल्या फोनमध्ये बघत. आई सरळ तिकडे निघाली, पण मी आधी निवेदन द्यायचं ठरवलं होतं. काही गोष्टींना क्रम असतो.

काउंटरमागे तिशीतला एक दाढीवाला तरुण कपांत दूध ओतत होता. मी निवेदनाच्या दोन्ही प्रती त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “मालकांना भेटायचंय.”

“मीच आहे. बोला ना ताई.”

“हे निवेदन आहे. एक प्रत तुमची. दुसरीवर पोच द्या.”

त्याने दूध बाजूला ठेवलं आणि निवेदन वाचलं. सगळं वाचलं, हे मला कबूल करावं लागेल. सरकारी कार्यालयात मला हा अनुभव कधी आलेला नाही. मधेच एकदा त्याने “हं” असं म्हटलं.

“तिसरी मागणी,” तो म्हणाला. “आमच्याकडे स्टाफ नाहीये. मी आणि माझी बहीण. ती आत कप धुतेय.”

“मग तिला दहा मिनिटं द्या.”

“ती चहा पीत नाही.”

मी दुसरी प्रत पुढे सरकवली. त्याने पोच म्हणजे काय हे विचारलं. मी सांगितलं: मिळाल्याची सही आणि शिक्का. सही त्याने केली. शिक्क्यासाठी त्याने दोन खण उघडले आणि शेवटी गल्ल्याजवळचा एक छोटा शिक्का उचलून माझ्या प्रतीवर मारला. दहा कॉफ्या प्यायल्या की अकरावी फुकट देण्याच्या कार्डावर मारतात तो. निषेधाच्या मजकुराखाली वाफाळणारा कप उमटला. ती प्रत मी फाइलला लावलेली आहे.

मी वळून बघितलं तर आई सोफ्यापाशी पोचली होती.

“बाळांनो, जरा सरकता का? मला माझा कागद बघायचाय.”

दोघं उठलीच. आईने चष्मा लावला, चपला काढल्या आणि सोफ्यावर चढायला निघाली. ते बघून मालक धावत आला.

“काकू, थांबा, मी उतरवून देतो.” त्याने फ्रेम खिळ्यावरून काढली. माझी पहिली मागणी मान्य झाल्याचं तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. “सांभाळून, जुना पीस आहे. एक सेकंड-हँड कपाट घेतलं होतं भद्रकालीच्या जुन्या बाजारातून. त्याच्या खणात अंथरलेला होता. मला इतका भारी वाटला ना. टी-टाइमवर अख्खा जाहीरनामा. तुमचा आहे का?”

“हे लिहिलंय मी,” आई म्हणाली.

“वॉव. सगळं?”

“एक शब्द.”

तिने फ्रेम मांडीवर घेतली आणि सोफ्याच्या कडेवर बसली. बल्बचा गोळा काचेवर आला तेव्हा तिने फ्रेम तिरकी केली. मी तिच्या शेजारी बसले. मलाही बघायचं होतं, पण मी कागदाकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. ‘तू चांगलंच सांगशील’ हे मला लागलं होतं.

तिचं बोट काचेवरून सावकाश खाली आलं आणि एका जागी थांबलं.

“र,” ती म्हणाली. “वि. वा. र.”

मग पुन्हा पहिल्यापासून, तसंच, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. शनिवारावर एक सरळ रेघ होती. तिच्यावर हिरव्या शाईत ‘रविवार’ होता. जरा मोठा, वेलांटी गरजेपेक्षा लांब, पण शहाण्यासारखा, ओळीत बसलेला रविवार. कोणालाही वाचता आला असता.

“बरोबर हाय,” आई म्हणाली.

“बरोबर आहे.”

“तुला नाय विचारलं.”

मालक आमच्यापुढे अजून उभा होता. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळत होतं. त्याने विचारलं, काही आणू का? मग उत्तराची वाट न बघता एक बशी आणून ठेवली. तिच्यात तपकिरी रंगाची, वर मध घातलेली एक चकती होती. सुरगाण्याच्या नागलीचा, म्हणजे नाचणीचा, पॅनकेक, तो म्हणाला, आमच्याकडून. आईने तुकडा तोडून खाल्ला.

“नागली हाय,” ती मला म्हणाली. “आमच्याकडं तांदूळ संपला की खायचे. ही लोकं संपायच्या आधीच खातात.” पण तिचं लक्ष बशीत नव्हतं. ती पत्रक पहिल्या ओळीपासून वाचत होती. शब्द बरोबर होता, मग माणसं का आली नाहीत, हा प्रश्न आता तिला पडला होता आणि मला अजून पडायचा होता.

तिने सगळं वाचलं. चहाचा इतिहास, जो बाबांनी परदेशातल्या मळ्यांपासून सुरू केला होता. नफ्याचा अर्थ. मालकवर्गाच्या पाच खोट्या सबबी आणि त्यांची पाच उत्तरं. सभा, वार, वेळ. बहुसंख्येने उपस्थित राहा. वाचा आणि पुढच्याला द्या. तळाला पोचल्यावर ती पुन्हा सभेच्या ओळीवर आली. मग तिने फ्रेम उलटी करून मागचा पुठ्ठा बघितला.

“याच्या मागं काय छापलेलं होतं का?” तिने मालकाला विचारलं.

“नाही, कोरा आहे. मीच फ्रेम केलाय.”

“कुठं ते लिहिलंच नाय,” आई म्हणाली.

“काय कुठं?”

“सभा. रविवार हाय, दहा वाजता हाय. कुठं, ते नाय.”

मी तिच्या मांडीवरच फ्रेम सरळ करून कागद माझ्याकडे वळवला. वाचला. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, मी त्यातला एकेक शब्द तपासला. मळ्यांचा पत्ता होता. सभेचा नव्हता.

“आपल्या बुद्धविहारासमोरच्या मैदानात झाली,” आई म्हणाली. “आपल्या सगळ्या सभा तिथंच होत्यात. कॉलनीला माहीत. बाकीच्यांना कसं कळणार?” मग ती म्हणाली, “गेटवर लोक विचारायचे मला. कुठंय हो ताई? मी म्हणायची, त्यात सगळं लिहिलंय.”

जाणीव अजून पिकलेली नाही, हे वाक्य मी तीन भाषणांत वापरलेलं आहे.

हे सगळं ऐकणाऱ्या मालकाला एव्हाना बऱ्यापैकी अंदाज आला असावा. “काकू, तुम्ही घेऊन जा हे,” तो म्हणाला. “खरंच. तुमचंच आहे.”

मी हात पुढे केला. आईने फ्रेम दिली नाही.

“घरी नको. घरी ठेवत नाय आम्ही,” ती म्हणाली. “पेन हाय का तुझ्याकडं?”

“आहे ना.”

“आणि हे उघड.”

त्याने मागचे खिळे वाकवून पुठ्ठा काढला. कागद बाहेर आला, घड्यांवर विरलेला, कपाटाच्या खणात बसावा म्हणून एका कडेचा कोरा समास कापलेला. सोफ्यावरून उठलेली दोघंही आता टेबलाशी उभी होती. मुलाने त्याची कॉफी आपणहून बाजूला घेतली. आईने कागद टेबलावर सरळ केला, सभेची ओळ शोधली आणि ‘दहा वाजता’च्या पुढच्या मोकळ्या जागेत पेन टेकवलं. मला वाटलं ती आता मला सांगेल, लिही. तिने सांगितलं नाही. तिने लिहिलं: ‘विहारासमोरच्या मैदानात, सातपूर.’ घाई न करता, वर रेघ ओढत. ‘मैदानात’ जरा खाली उतरला.

मुलीने फोन काढला आणि विचारलं, “काकू, फोटो काढू?”

“कागदाचा काढ,” आई म्हणाली. “आणि पुढं पाठव. त्यात लिहिलंय तसं.”

फ्रेम पुन्हा खिळ्यावर गेली. निघताना मालकाने मला माझ्या दुसऱ्या मागणीबद्दल विचारलं, म्हणजे दिलगिरीचं नक्की काय करायचं. मी म्हणाले, कळवते.

रिक्षात आईने माझं निवेदन मागितलं. शिक्क्यातला कप तिने नुसता बघितला. मजकूर मात्र शेवटपर्यंत वाचला.

“तीव्र आंदोलन छेडण्यात येईल,” ती म्हणाली. “कुठं?”

“अगं, कॅफेसमोर. ते ओघाने आलंच ना.”

“ओघानं,” आई म्हणाली आणि कागद घडी घालून मला परत दिला.

बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. पोच मिळाली का, हे त्यांनी आधी विचारलं. मी मिळाली म्हणाले आणि दाखवली नाही. आई आत गेली, चहा ठेवला आणि चहा होईपर्यंत बाहेर आली नाही. तीन कप आणून तिने स्टुलावर ठेवले आणि खाली बसली.

“शब्द बरोबर होता,” ती म्हणाली.

“कोणता शब्द?”

तिने सांगितलं. पाटी, रांगोळी, हिरवी शाई, सगळं. बाबांनी चहाला हात लावला नाही.

“मी कधी म्हटलं की तुझं चुकलं?”

“नाय म्हणलात. तुम्ही कामगारांचं चुकलं म्हणलात. मला वाटायचं माझी चूक झाकायला म्हणताय.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं.

“ठिकाण नव्हतं त्यात,” आई म्हणाली.

“कशाचं ठिकाण?”

“सभेचं.”

“विहारासमोर,” बाबा लगेच म्हणाले. “सगळ्यांना माहीत होतं.”

“चाळीस जणांना,” आई म्हणाली.

समोरून पाण्याचा टँकर गेला. बाबांनी तो जाऊ दिला. चार पानी मीमांसा त्यांना तोंडपाठ आहे. त्यातलं एखादं वाक्य ते आता काढतील असं मला वाटलं. त्यांनी काढलं नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“लिहून आले.”

“तू?”

“मीच. अजून कोण?”

“कुठल्या शाईत?”

“निळ्या. त्याच्याकडं हिरवी नव्हती.”

बाबांनी थोडा विचार केला. “गुलाबीवर निळी दिसते,” ते म्हणाले, आणि मग कप उचलला.